न खपणारी शेड

उल्हासनगरच्या बाजारात कॉस्मेटिकच्या दुकानात मी लागले तेव्हा मला मेकअपमधलं काजळ आणि पावडर एवढंच ठाऊक होतं. सिंधी तर अजिबात येत नव्हतं. पुढे दोन्ही आलं, कारण दोन्हीवाचून त्या काउंटरवर उभं राहता येत नाही. शेठ सिंधी, गिऱ्हाईक बहुतेक सिंधी, आणि मी विठ्ठलवाडीची, बी.कॉम. अर्धवट सोडलेली, तोंडाने फटकळ. फटकळ मुली दुकानात चालत नाहीत असं शेठ अधूनमधून म्हणायचे. पण माझ्या काउंटरचा माल चांगला जायचा, म्हणून म्हणायचे आणि गप्प बसायचे.

सुरुवातीलाच एक फजिती झाली. एक सिंधी आजी आल्या. मी त्यांच्यापुढे क्रीमची नळी ठेवली, तशी त्यांनी ती बोटाने मागे सारली आणि म्हणाल्या, "न खपे." मला वाटलं, म्हातारी मालाला नावं ठेवतेय. माझं डोकं फिरलं. "कोण म्हणतं खपत नाही? कालच किती खपल्या! विचारा शेठना!" आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. शेठ गल्ल्यावर बसून पोट धरून हसत होते. मग त्यांनी सांगितलं, "बेटा, सिंधी में खपे मतलब चाहिए. न खपे, मतलब नहीं चाहिए." मराठीत जे विकलं जातं ते खपतं, सिंधीत जे हवं असतं ते खपे. त्या दिवसापासून दुकानात माझं नावच 'न खपे' पडलं. पंचविशी उलटूनही लग्न न झालेल्या मुलीला हे नाव फार सुखाचं नव्हतं, पण चिडले असते तर ते कायमचं चिकटलं असतं. तरीही चिकटलंच.

डोळ्यांखाली लावायला म्हणून वेगळं काही मिळतं, हे तेव्हा गिऱ्हाइकांना नुकतंच कळायला लागलं होतं. कन्सीलर हा शब्द कुणाला धड यायचा नाही. बायका यायच्या आणि म्हणायच्या, "वो काला कॅन्सल करनेवाला दो." आमच्यात त्याचं 'कॅन्सलर' झालं. मलाही तोच शब्द बरा वाटायचा, निदान काम काय ते कळतं.

आता ह्या कॅन्सलरची गंमत अशी की, दहातल्या नऊ बायका तो चुकीचा न्यायच्या. हाताच्या पाठीवर लावून बघायच्या. अहो, हाताला काळी वर्तुळं आहेत का? त्यातून दुकानात ट्यूबलाइट, आणि ट्यूबलाइटखाली सगळेच गोरे. मी म्हणायचे, गालावर एक टिपका लावा, दुकानाच्या पायरीवर या, उन्हात आरसा धरा. जी शेड कातडीत दिसेनाशी होते ती तुमची. पण दिसेनाशी होणारी शेड कुणाला हवी होती? सगळ्यांना उजळ हवी. "एक नंबर लाइट देना." मग लग्नाच्या हॉलमध्ये डोळ्यांभोवती पांढरे गोल घेऊन फिरायच्या. काळं जातच नाही, त्यावर राखाडी साय धरते. आणि फोटोवाल्याने फ्लॅश मारला की घुबड.

कंपनीकडून शेड्सचा सेट यायचा. त्यातली शेवटची, सगळ्यात गडद नळी तशीच पडून राहायची. मी एकदा शेठना म्हटलं, ही सावळ्या बायकांना दाखवू या की. शेठ म्हणाले, "डार्क किसी को न खपे." हे वाक्य मराठीतून ऐका की सिंधीतून, अर्थाला फरक पडत नव्हता. गिऱ्हाइकांत सावळ्या काय कमी होत्या? मी स्वतः सावळी. आईही माझ्याच रंगाची. पण आरशासमोर उभं राहून स्वतःचा रंग मागणारी बाई मला त्या काउंटरवर भेटली नाही.

घरी आम्ही दोघीच, मी आणि आई. वडील लहानपणीच गेले. आई अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला जायची. तिथे ती जन्मभर खपली, हे आणखी तिसरंच खपणं. मग तिच्या पायांवर सूज यायला लागली, सकाळी उठली की तोंड फुगलेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी किडन्यांचं सांगितलं. आज ना उद्या डायलिसिसवर जावं लागेल म्हणाले, पाणीसुद्धा मोजून प्यायला लावलं. काम सुटलं. तिच्या डोळ्यांखाली आधीही काळं होतं, आमच्या घराण्यातच आहे. पण आता ते जांभळट झालं आणि गालापर्यंत उतरलं. कोणीही दारात आलं की पहिला प्रश्न, "ताई, बरं नाही का?"

ह्या प्रश्नाने माझं एक लग्न मोडलं होतं. कल्याणचं स्थळ होतं, बोलणी जवळजवळ झालेली. त्या लोकांनी आईला नीट बघितलं, शेजारी चौकशी केली आणि निरोप पाठवला की मुलगी चांगली आहे, पण उद्या सगळं आमच्या मुलाच्या गळ्यात पडायचं. मी म्हटलं, गेले उडत. आई मात्र तेव्हापासून आरशात बघायची बंद झाली. माझ्या लग्नाच्या आड आपला चेहरा आला हे तिच्या मनाने घेतलं होतं.

मग अंबरनाथच्या ओळखीतून दुसरं स्थळ आलं. मुलगा कारखान्यात मशीनवर होता आणि त्याने बदलापूरला, खरवईच्या बाजूला, नवीन बिल्डिंगमध्ये घर घेतलेलं. तो एकदा येऊन मला बघून, बोलून गेला होता. मला आवडला. हे मी आईला सांगितलं नाही, पण त्या रात्री मी भांडी घासताना गात होते म्हणे. तो आला त्या वेळी आई हॉस्पिटलात तपासणीला गेलेली, त्यामुळे तिची त्याची भेट झाली नव्हती. आता रविवारी तो, त्याची आई आणि मामा पक्कं करायला येणार होते.

आई म्हणाली, "तुझ्या दुकानातलं ते कॅन्सलर आण. मला लाव."

मी म्हटलं, "काही नको. आपण सांगून टाकू."

"कल्याणवाल्यांना कळलं तेव्हा काय झालं? आजारी सासू कुणाला खपते गं? एकदा लग्न होऊ दे, मग काय सांगायचं ते मी सांगेन. कुणी विचारलंच तर बीपी म्हणायचं."

"आणि नंतर त्यांना कळलं की मी काय तोंड दाखवू?"

"तुझं तोंड तू बघ. मला माझं झाकायचंय."

दोन दिवस आमच्यात धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी तिने जेवण टाकलं, आणि किडनीच्या माणसाने जेवण टाकलं की मी हरणारच होते. मी शेठकडे ती गडद नळी मागितली. कशासाठी ते सांगितलं नाही. शेठनी खोक्याच्या तळातून काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाले, "ले जा. वैसे भी न खपे."

रविवारी दुपारी जेवणं लवकर उरकली आणि मी आईला खिडकीशी, उजेडात बसवलं. ती पांढऱ्या साडीत होती. आमच्याकडे बुद्धवंदनेला पांढरीच नेसतात, आणि पांढऱ्यावर चेहऱ्याचं काळं जास्तच उठून दिसतं. आधी मी ओलं फडकं फ्रीजमध्ये गार करून तिच्या डोळ्यांवर ठेवलं, कारण कॅन्सलर रंग लपवतो, सूज नाही. मग थोडं साधं क्रीम. कोरड्या कातडीवर लावलं की ते सुरकुत्यांच्या रेघांत जाऊन बसतं आणि नसलेल्या रेघाही दिसायला लागतात. क्रीम मुरेपर्यंत मी तिला बोलू दिलं नाही. तिला ते फार जड गेलं.

"वर बघ. हलू नकोस."

नळीतलं टिपकाभर हाताच्या पाठीवर घेतलं, ऊब लागली की ते मऊ होतं. मग करंगळीशेजारच्या बोटाने, कारण त्या बोटाला जोर नसतो, नाकाकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. तिथे काळं सगळ्यात दाट असतं. घासायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं टिपायचं. पापणीच्या अगदी कडेला लावायचं नाही. सुरकुत्यांवर तर जवळजवळ नाहीच, आजूबाजूला लावलेलं बोटावर उरतं तेवढंच त्यांना पुरतं. शेवटी पावडर, तीही पिसासारखी. आई म्हणत होती, अजून लाव, अजून लाव. सगळ्याच बायका तसं म्हणतात. मी लावलं नाही.

झाल्यावर आरसा दिला. ती शेड तिच्यासाठीच बनवल्यासारखी होती. कुठे संपते ते कळत नव्हतं. आई खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कामाला जायचे तेव्हा अशी होते ना मी?" मला रडू आलं. रडायचा मला राग येतो, म्हणून मी तिच्यावरच खेकसले की पदराने तोंड पुसू नकोस, सगळं निघेल. मग पाहुणे यायची वेळ झाली आणि मी चहाचं आधण ठेवायला पळाले.

ते तिघे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मी पाणी घेऊन गेले. मुलाच्या आईने ग्लास घेताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. ठेंगणी, कडक इस्त्रीच्या साडीतली बाई, फार बोलत नव्हती. मला वाटलं, रंग बघतेय. म्हटलं बघ, माझा रंग काही मी उन्हात नेऊन पारखून आणलेला नाही. आईच्या तोंडाकडे मात्र कुणी दुसऱ्यांदा बघितलं नाही. मी मनातल्या मनात शेठच्या खोक्याला हात जोडले.

आमच्यात शुभ बोलणी वंदनेनेच सुरू होतात. मूर्तीसमोर मेणबत्ती लावली, उदबत्ती लावली, सगळे हात जोडून उभे राहिले. मामा म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणा. तुमचा आवाज चांगला आहे असं ऐकलंय." ते खरं होतं. आमच्या विहारात बायकांची वंदना आईच घ्यायची. ती सुरू झाली. त्रिशरण झालं. मग पंचशील. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, आणि ती थांबली.

मला वाटलं दम लागला. मी तिच्या दंडाला धरलं. तिने डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. चौथं शील म्हणजे मी खोटं बोलणार नाही. हजार वेळा म्हटलेलं, झोपेतसुद्धा म्हणता येईल असं. ते तिच्या गळ्यातून बाहेर येईना. मग मुलाच्या आईने चौथं शील उचललं, पाचवं म्हटलं आणि वंदना पुरी केली.

सगळे बसले. मी चहा आणायला वळले तर आई म्हणाली, "थांब. बस इथे." आणि तिने पदर उचलून दोन्ही डोळ्यांखालून खसाखसा पुसलं. पांढऱ्या पदरावर मातकट पट्टे उमटले.

"हे मी लावलं होतं," ती म्हणाली. "पोरीने सांगितलं होतं नको म्हणून. माझ्या किडन्या गेल्यात. डायलिसिस लागणार आहे. मागे तिचं एक लग्न माझ्यामुळे मोडलंय. हे तुम्हाला खपत असेल तर पुढचं बोलू. नाहीतर चहा घ्या आणि जा, माझा राग नाही."

मामांनी मुलाच्या आईकडे बघितलं. मुलगा खाली बघत होता. मी आईवर इतकी चिडले होते की सांगता येत नाही. आधी सांगू म्हटलं तर जेवण टाकलं, आता झाकलं तर स्वतःच उघडं केलं. आणि त्या चिडण्याच्या खाली भीती होती, की हा मुलगाही आता उठून जाणार. मला तो हवा होता. खपे, अगदी सिंधीतून खपे.

मुलाची आई म्हणाली, "तुमचं तोंड बघून मला काहीच कळलं नव्हतं. छान लावलं होतंत. मला कळलं ते हिचं बघून." तिने माझ्याकडे बोट केलं. "पाणी घेऊन आली तेव्हाच मी म्हटलं, ह्या घरात कुणीतरी आजारी आहे आणि ही पोरगी रात्री जागते. मी माझ्या ह्या पोराच्या बापाचं केलंय शेवटपर्यंत. तो रंग मला ओळखता येतो."

माझा हात आपोआप डोळ्याखाली गेला. सकाळपासून मी आईचाच चेहरा बघत होते. स्वतःला आरशात बघितलंच नव्हतं. दुकानभर बायकांची काळी वर्तुळं कॅन्सल करणारी मी, आणि दिव्याखाली अंधार.

"एक विचारते," ती बाई म्हणाली. "लग्नानंतर ह्यांच्याकडे कोण बघणार?"

आई म्हणाली, "माझं मी..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. "मी बघणार," मी म्हटलं, आणि ते जरा जोरातच निघालं. "नोकरी पण करणार आणि आईकडे पण बघणार. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

मामांनी घसा खाकरला. मुलाने पहिल्यांदा मान वर केली आणि त्याला हसू आवरत नव्हतं. त्याची आई मात्र हसली नाही. तिने खिडकीबाहेर बघत काहीतरी हिशेब केल्यासारखं केलं.

"खरवईहून विठ्ठलवाडी रोज जाऊन येऊन करायचं म्हणजे लांब पडेल गं," ती म्हणाली. "आणि आमची बिल्डिंग पूर्ण झाली नाही अजून, लिफ्ट नाही. तळमजल्यावर एक खोली भाड्याने मिळते का बघायला हवं ह्यांच्यासाठी." मग आईकडे वळून, "तुम्हाला चहा किती चालतो? अर्धा कप?"

आईने मान हलवली. लग्न ठरलं ते असं, चहाच्या अर्ध्या कपावर.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या मागच्या खोलीत ओळखीची एक ब्यूटीशियन मला नटवायला आली. मी तिला दहादा बजावलं होतं की माझी शेड लाव. पण नवरी म्हणजे नवरी, तिने एक नंबर उजळ लावलाच. पांढरी साडी, पांढरी फुलं आणि डोळ्यांभोवती पांढरे गोल. मी आरशात बघून शिव्या घालायच्या बेतात होते, तेवढ्यात आई आत आली. तिने माझ्याकडे बघितलं, ब्यूटीशियनला "बाई, तुम्ही जेवून घ्या" म्हणून बाहेर काढलं आणि ओल्या रुमालाने माझ्या डोळ्यांखालचं सगळं पुसून टाकलं. मग पर्समधून ती गडद नळी काढली. मला वाटलं होतं ती केव्हाच फेकली असेल.

थोडं हाताच्या पाठीवर घेतलं. मऊ होईपर्यंत थांबली. मग करंगळीशेजारच्या बोटाने, नाकाकडच्या कोपऱ्यापासून, न घासता, टिपत टिपत.

मी म्हटलं, "आणि चौथं शील?"

"गप्प बस. वर बघ. हलू नकोस."

तिचा चेहरा माझ्या तोंडासमोर होता. डायलिसिस सुरू झालं होतं तोवर, काळं आणखी खाली उतरलेलं, आणि तिने त्यावर काहीच लावलं नव्हतं. पावडरसुद्धा नाही. बाहेर नातेवाईक, शेजारी, दुकानातली सगळी माणसं, शेठ, सगळे जमलेले होते. मी विचारलं, "तू नाही लावलंस?"

"मला कशाला?" ती म्हणाली आणि नळीचं टोपण लावलं. "माझं आता सगळ्यांना माहीत आहे."